काकांचे चारशे फोटो आणि फाइंड-सॉर्टची जोडी

ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोललो तेच लिहिलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." आणि मागून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय. हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा आहे, कारण कमांडमधला एक ठिपका कानातून निसटला की सगळंच बसतं.

आपला जुना नियम माहीत आहेच: इथे सगळं देवनागरीत. कमांडमधली चिन्हं, आकडे आणि स्पेस मी जशाच्या तशा ठेवतो, फक्त अक्षरं देवनागरीत असतात. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. फाइंड म्हणजे एफ-आय-एन-डी, सॉर्ट म्हणजे एस-ओ-आर-टी. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन.

तर मी धाडचा. बुलढाणा तालुका, बुलढाणा जिल्हा. कॉलेजात हे नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणावर पडली?" चार वर्षं बीटेक केलं आणि चार वर्षं हाच विनोद ऐकला.

2022 च्या दिवाळीला मी गावी आलो होतो. काकांनी सोयाबीन सोंगून शेतात वाळायला पसरून ठेवलं होतं आणि तेवढ्यात पावसाने गाठलं. शेंगा भिजल्या, काळ्या पडल्या, काहींना तर जागेवरच कोंब फुटले. तेव्हाच्या पीकविम्यात कापून ठेवलेल्या पिकाचं असं नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. काकांनी ते वेळेत कळवलं होतं आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवला होता. पुढे काम बघणाऱ्या एका माणसाने सांगितलं की दोन्ही गटांचे फोटो आणा, पावसाआधीचे, पावसातले आणि नंतरचे, तारखेप्रमाणे लावून, पेन ड्राइव्हमध्ये.

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "तू इंजिनीअर आहेस ना? दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम दोन रात्री चाललं. त्यात एक चूक मी अशी केली की काकांनी पकडली नसती तर आम्ही चुकीच्या क्रमाचा पुरावा घेऊन गेलो असतो. आजचा भाग त्या चुकीवर आहे.

फोनमध्ये साधारण चारशे फोटो होते, आणि ते एका जागी नव्हते. काही कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये, काही मेमरी कार्डात, काही व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये. व्हॉट्सॲपचं फोल्डर म्हणजे अँड्रॉइड, त्याच्या आत मीडिया, त्याच्या आत अजून तीन-चार मजले. शिवाय काकांनी स्वतः केलेली फोल्डरं वेगळीच: 'विमा कागद', 'शेत', 'शेत नवीन', 'शेत नवीन 2'. गॅलरी ॲपमध्ये सगळे एकत्र दिसतात खरे, पण तिथून निवडक फोटो क्रमाने बाहेर काढायला गेलात की बोटं दुखतात.

लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ठीकच, पण हे सगळं फोनवरही होतं. त्यासाठी टर्मक्स नावाचं ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्या. ते उघडलं की काळा पडदा येतो. आधी 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' ही कमांड द्यायची, मग फोन परवानगी मागतो, ती द्यायची. मग 'सीडी ~/स्टोरेज/शेअर्ड' करून आत जायचं. हे 'सीडी' करून आत जाणं विसरू नका. शेअर्ड हे खरं फोल्डर नाही, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी आहे. बाहेर उभं राहून फाइंडला त्या पाटीचा पत्ता दिला तर तो पाटी बघतो आणि परत येतो, आत जात नाही. फाइंड काहीच दाखवत नाही म्हणून मला मेसेज करणाऱ्यांपैकी निम्मे इथेच अडकलेले असतात.

आता यादी. सगळ्यांना आधी आठवते ती एलएस. एलएसला 'आतल्या आत जा' असं सांगायला मोठा आर लावतात: एलएस -आर. पाठ्यपुस्तकात याला पुनरावर्ती म्हणतात, आपण आतल्या आतच म्हणू. त्याला छोटा टी जोडला की वेळेप्रमाणे क्रम मिळतो. मीही पहिल्या रात्री हेच केलं. पडद्यावर छान यादी आली आणि मला वाटलं, झालं.

पण ही यादी कशी असते बघा. शाळेत प्रत्येक वर्गाची हजेरी वेगळी असते. पाचवी अ क्रमाने, पाचवी ब क्रमाने, सहावी क्रमाने. तुम्हाला हवंय की अख्खी शाळा मैदानावर एका रांगेत उभी राहावी, जन्मतारखेप्रमाणे. हजेरीची वह्या एकावर एक ठेवून ती रांग तयार होत नाही. एलएस -आर तेच करते: एका फोल्डरचं नाव, खाली त्यातल्या फाइली क्रमाने, मग दुसऱ्या फोल्डरचं नाव, खाली त्याच्या फाइली. फोल्डरच्या आत क्रम बरोबर, फोल्डरांमध्ये काहीच संबंध नाही. आणि ही यादी पुढे सॉर्टला दिली तर अजून वाट लागते, कारण फोल्डरचं नाव एका ओळीवर आणि फाइलचं दुसऱ्या ओळीवर असतं. सॉर्ट ओळी विस्कटते आणि कोण कुठल्या वर्गातलं हेच हरवतं.

म्हणून फाइंड. फाइंड प्रत्येक फाइलसाठी एक ओळ देते आणि त्या ओळीत पूर्ण पत्ता असतो.

फाइंड . -टाइप एफ

ठिपका म्हणजे 'मी उभा आहे तिथून खाली'. टाइप एफ म्हणजे फक्त फाइली दे, फोल्डर नको. हे चालवलं की धबधबा सुरू होतो. त्यात चारशे फोटोंऐवजी हजाराच्या वर ओळी येतात, कारण फाइंड लपलेल्या फोल्डरांतही घुसते. गॅलरीने बनवलेले छोटे थंबनेल ठिपक्याने सुरू होणाऱ्या फोल्डरांत असतात, तेही येतात. त्यांना गाळू:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -नॉट -पाथ '*/.*'

आयनेममधल्या आयमुळे मोठ्या अक्षरातलं जेपीजीसुद्धा सापडतं. आणि अवतरण चिन्हं काढू नका. ती नसतील तर फाइंडला काही कळायच्या आधी शेलच त्या ताऱ्याचा अर्थ लावतो, समोरच्या फोल्डरमध्ये असलेल्या दोन-चार जेपीजी फाइलींची नावं तिथे चिकटवतो, आणि मग फाइंड भलताच गोंधळ घालते.

आता आपल्याकडे यादी आहे, पण तिला क्रम नाही. फाइंड क्रम लावतच नाही. फाइलसिस्टिमने ज्या क्रमाने नोंदी हातात दिल्या त्याच क्रमाने ती छापते. क्रम लावणं हे सॉर्टचं काम, आणि दोघांमध्ये उभी रेघ, म्हणजे पाइप. ही रेघ 1973 मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्समध्ये आली. डग मॅकिलरॉय बरीच वर्षं तिच्या मागे लागले होते, आणि केन थॉम्पसन यांनी ती बसवली. आपण आज फोनवर तीच रेघ ओढतोय याची मला अजूनही गंमत वाटते.

सॉर्टला फाइल काय असते ते माहीतच नाही. तिला दिसतात फक्त ओळी, आणि ओळीत जे आधी लिहिलंय त्यावरून ती क्रम लावते. फोटो कधी काढला, केवढा आहे, यातलं काहीही ती उघडून बघत नाही. म्हणजे तारखेने क्रम हवा असेल तर तारीख आपण ओळीच्या सुरुवातीला लिहून द्यायची, सॉर्ट करून घ्यायचं, आणि मग ती तारीख कापून टाकायची. पत्रिका वाटताना आपण पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गल्लीचं नाव लिहितो, गठ्ठे लावतो, आणि मग खोडतो, तसंच.

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.जेपीजी' -नॉट -पाथ '*/.*' -प्रिंटएफ '%टी@\टी%पी\एन' | सॉर्ट -एन | कट -एफ2-

यातला पहिला टी मोठा, बाकी सगळं छोटं. टक्का-टी-ॲट म्हणजे फाइल शेवटची बदलली ती वेळ, 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत. त्या दिवाळीच्या आसपासच्या फोटोंना 1666 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसतो, पुढे दशांशही असतात. मग बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, टक्का-पी म्हणजे पूर्ण पत्ता, बॅकस्लॅश-एन म्हणजे ओळ संपली. सॉर्ट -एन आकडा म्हणून क्रम लावतं, जुनं आधी. नवीन आधी हवं असेल तर -एनआर. कट -एफ2- म्हणजे पहिला रकाना सोडून उरलेलं सगळं दे. शेवटची छोटी रेघ महत्त्वाची आहे, 'दुसऱ्यापासून पुढचं सगळं' असा तिचा अर्थ.

मॅक वापरणाऱ्यांनो, तुमच्या फाइंडमध्ये प्रिंटएफ नाही. टर्मक्समध्ये आणि लिनक्सवर आहे.

हे मी पहिल्या रात्री केलं, पण फोनवर नाही. फोन छोटा वाटला म्हणून केबल लावली, सगळी फोल्डरं ओढून लॅपटॉपवर टाकली आणि तिथे कमांड चालवली. सुंदर यादी आली. फोटो ओळीने उघडले आणि सकाळी चहा पिताना काकांना दाखवायला बसलो.

काका चष्मा लावून बघत होते. सातव्या की आठव्या फोटोला थांबले. "हा काहून इथं आला?"

"काका, तारखेप्रमाणे आहे. हा पावसाच्या आदल्या दिवशीचा."

"आदल्या दिवशी ताडपत्री कुठं होती आपल्याकडं? पाऊस उघडल्यावर आणली ना ती."

फोटोत कोपऱ्यात निळी ताडपत्री होती. काका बरोबर, कमांड चूक. खरं तर कमांडही चूक नव्हती, मी तिला खोटी तारीख दिली होती. केबलने ओढताना बऱ्याच फाइलींना कॉपी झाल्याची वेळ लागली होती. टक्का-टी-ॲट सांगतं ते 'ही फाइल शेवटची कधी लिहिली गेली', आणि त्या लॅपटॉपवर ती काल रात्री पावणेबाराला लिहिली गेली होती. म्हणजे मी लावलेला क्रम हा फोटो काढल्याचा नव्हता, केबलमधून आल्याचा होता.

विचार करा, हे तसंच पेन ड्राइव्हवर गेलं असतं तर? समोरच्या माणसाने एक ताडपत्री ओळखली असती तर बाकीच्या चाळीस खऱ्या फोटोंवरही त्याने विश्वास ठेवला नसता. आणि त्याचं काही चुकलं नसतं.

दुसऱ्या रात्री मी फोनवरच टर्मक्समध्ये बसलो, जिथे मूळ फाइली होत्या. आधी गर्दी कमी केली. फाइंडला 'या तारखेनंतरचं' असं सांगता येतं: -न्यूअरएमटी '2022-10-01'. त्याच्या आधी उद्गारचिन्ह लावून दुसरी तारीख दिली की 'या तारखेनंतरचं नको'. अशा दोन अटी टाकल्या आणि चारशेचे नव्वदच्या आसपास राहिले. कॅमेऱ्याच्या फोल्डरमधल्या फोटोंच्या वेळा बरोबर निघाल्या. काकांनी एकेक बघून मान हलवली. फाइल हलवायची असेल तर सीपीला -पी लावायचं, म्हणजे जुनी वेळ सोबत जाते. त्या दिवसापासून मी -पी शिवाय सीपी लिहिलेलं नाही.

मग आलं व्हॉट्सॲप. तिथले फोटो वरवर फार गुणी वाटतात, कारण नावातच तारीख असते: आयएमजी, रेघ, मग 20221019 अशी आठ आकडी तारीख, रेघ, डब्ल्यूए आणि पुढे नंबर. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असं लिहिलं की अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी तारखेचाच क्रम लागतो. तुम्हीही फाइलींना नावं देताना अशीच द्या. 19-10-2022 असं दिलंत तर सगळ्या महिन्यांचे एकोणीस तारखेचे फोटो एकमेकांच्या मांडीवर येऊन बसतात. नावावरून क्रम लावायचा तर प्रिंटएफमध्ये टक्का-टी-ॲटच्या जागी टक्का-एफ टाकायचं. एफ म्हणजे नुसतं नाव, पत्त्याशिवाय. पूर्ण पत्त्यावर सॉर्ट केलं तर पुन्हा फोल्डरप्रमाणे गठ्ठे पडतात.

पण ती तारीख फोटो काढल्याची नसते, त्या फोनवर तो फोटो आला किंवा गेला त्याची असते. माझ्या चुलत भावाने पावसातले फोटो त्याच्या फोनवर काढले होते आणि काकांना पाठवले दिवाळीच्या दिवशी. नावावर तारीख दिवाळीची! फोटोच्या पोटात कॅमेरा जी माहिती लिहितो, तारीख, वेळ, कधी कधी जागासुद्धा, तिला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. भावाला फोन करून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवले. टर्मक्समध्ये एक्झिफटूल नावाचं पॅकेज मिळतं, त्याने आतली तारीख वाचली आणि ते फोटो योग्य जागी बसवले.

तीन फोटो असे उरले की काढले कधी ते ना फाइलला माहीत, ना काकांना. ते यादीतून काढून टाकले. काकांना वाईट वाटलं, त्यातला एक फोटो चांगला होता, कोंब अगदी स्पष्ट दिसत होते.

यादी तयार झाली, तिला 'यादी.टीएक्सटी' या फाइलमध्ये वळवलं. कमांडच्या शेवटी > आणि नाव, एवढंच. मग नॅनोमध्ये ती उघडून शेताशी संबंध नसलेल्या ओळी हाताने पुसल्या. वाढदिवसाचा केक, म्हशीचा फोटो, 'शुभ सकाळ'चे तर विचारू नका. काही लोक म्हणतील, हेही स्क्रिप्टने करायचं. माझं मत वेगळं आहे. नव्वद ओळी डोळ्याने वाचायला दहा मिनिटं लागतात, आणि कुठला फोटो पुरावा आहे हे काकांनाच कळतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा क्रम फक्त त्या यादीत आहे. फाइली पेन ड्राइव्हवर टाकल्या की समोरचा संगणक त्या नावाप्रमाणे दाखवणार. म्हणून क्रम नावातच घालायचा: 001, 002, 003.

एन=0
व्हाइल आयएफएस= रीड -आर एफ
डू
एन=$((एन+1))
सीपी -पी "$एफ" "$होम/पेन/$(प्रिंटएफ '%03डी' $एन).जेपीजी"
डन < यादी.टीएक्सटी

आयएफएस आणि होम ही सगळी मोठी अक्षरं. यादी जिथे बनवली त्याच फोल्डरमधून हे चालवायचं, कारण यादीतले पत्ते ठिपक्यापासून सुरू होतात. 'पेन' नावाचं फोल्डर आधी बनवून ठेवा. पहिल्या वेळी सीपीच्या आधी 'एको' लिहा, म्हणजे काय होणार आहे ते फक्त छापून येतं, होत काही नाही. नंबर तीन आकडी घेतला कारण 2 आणि 10 अक्षर म्हणून लावले की 10 आधी येतो. आधीच तशी नावं दिली असतील तर सॉर्ट -व्ही, मोठा व्ही, हे समजून घेतं. नंबराचा अजून एक फायदा: दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाचे फोटो असतील तर कॉपी करताना एक दुसऱ्याला गिळतो. नंबर दिला की तो धोका गेला.

तुम्ही इंटरनेटवर याची दुसरी पद्धत बघाल: फॉर एफ इन, आणि पुढे डॉलर कंसात फाइंड. ती वापरू नका. फॉर तिथे स्पेस दिसली की तुकडा पाडतो. गुरुजींनी हजेरीत नाव आणि आडनाव दोन वेगळी मुलं समजून हाक मारावी तसं होतं. काकांचं 'शेत नवीन 2' म्हणजे त्याला तीन फाइली वाटतात. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या फोल्डरांच्या नावातसुद्धा स्पेस आहे, त्यामुळे हे आज ना उद्या तुमच्याबरोबर होणारच. सीपी असेल तर 'अशी फाइल नाही' म्हणून ओरडेल आणि सुटाल. तिथे आरएम असेल आणि 'शेत' नावाची दुसरी खरीच फाइल असेल, तर ती गेली. टर्मक्समध्ये कचरापेटी नसते. वरच्या स्क्रिप्टमध्ये डॉलर-एफभोवती दुहेरी अवतरणं आहेत ती याचसाठी. नावात नवी ओळ असलेली फाइल असेल तर वरचीही पद्धत फसते. त्यासाठी फाइंडला -प्रिंट0 आणि सॉर्टला -झेड असतं, पण फोनमधल्या फोटोंना मला ते कधी लागलं नाही.

आता थोडं विषयाच्या कडेला जातो, पण मराठी पॉडकास्टवर हे बोलायलाच हवं. काकांच्या कागदांच्या फोल्डरमध्ये नावं मराठीत होती. त्यांना सातबाऱ्याच्या फाइलला '7/12' हे नाव द्यायचं होतं आणि फोन घेत नव्हता. घेणारच नाही. तिरकी रेघ म्हणजे फोल्डर आणि फाइल यांच्यामधली भिंत, ती नावात चालत नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदाचं नाव फाइलला देता येत नाही, काय करणार! '7-12' लिहा.

दुसरं, क्रम. टर्मक्समधलं सॉर्ट मराठी अक्षरं युनिकोडमधल्या नंबराप्रमाणे लावतं, आणि तो क्रम आपल्या बाराखडीचा नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसलाय. शाळेत आपण ळ ह च्या नंतर म्हणतो. त्यामुळे 'केळी' ही 'केवडा'च्या आधी येते. ॲ तर 2008 मध्ये युनिकोडमध्ये आला आणि त्याला जागा मिळाली पार शेवटी, ह च्या आणि देवनागरी आकड्यांच्याही पुढे. 'ॲप' नावाची फाइल 'हळद'च्या खाली शोधावी लागते. आणि देवनागरी आकडे? सॉर्ट -एन त्यांना आकडे मानतच नाही. तिच्या लेखी ती नुसती चित्रं. '१०' हे '२'च्या आधी येणार. म्हणून फाइलचं नाव मराठीत ठेवा, बिनधास्त ठेवा, पण सुरुवातीचा नंबर 001 असा ठेवा.

हीच जोडी 'स्टोरेज फुल' झालं तेव्हाही कामाची. प्रिंटएफमध्ये टक्का-टी-ॲट काढून टक्का-एस टाका, छोटा एस, म्हणजे बाइटमध्ये आकार. जेपीजीची अट काढा. मग सॉर्ट -एनआर, आणि शेवटी रेघ ओढून हेड -एन 20. फोनमधल्या सगळ्यात मोठ्या वीस फाइली समोर. आकार बघायचाय म्हणून इथे कट करायचं नाही. काकांच्या फोनमध्ये पहिल्या वीसपैकी बहुतेक लग्नांचे व्हिडिओ होते, त्यातला एक तर चार वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवलेला, चार वेळा साठवलेला.

पेन ड्राइव्ह घेऊन काका दिवाळीनंतर बुलढाण्याला गेले. 43 फोटो, 001 ते 043. एका गटाचे पैसे पुढे आले, दुसऱ्याचे नाही आले. त्यात माझ्या स्क्रिप्टचा काही वाटा होता असं मी म्हणणार नाही. पण समोरच्याने फोटो सरळ वरून खाली बघितले आणि एकदाही "हा इथे कसा?" असं विचारलं नाही, एवढं काकांनी घरी येऊन सांगितलं.

आता काका शेतात फोटो काढले की भावाला सांगतात, "डाकुमेंट करून धाड रे." धाडमध्ये धाडणं म्हणजे पाठवणं, हे कॉलेजातल्या त्या मित्रांना मी कधी समजावू शकलो नाही.